बदामाखालचा पाऊस

हॅलो?… हॅलो… हां, बोलतोय. हिरामण बोलतोय, पोशीरचा… जरा मोठ्यानं बोला, भाताच्या गिरणीत फोन हाय हा… कोण?… नागू, पट्टा बंद कर रं दोन मिनिटं, कर्जतहून गुरुजी बोलतायत… हां गुरुजी. नमस्कार. बोला आता.

हो… हो, ते पत्रक मीच लिहिलं… नाय, कुणी लिहून दिलं नाय. अक्षर माझंच. नेरळात सायक्लोस्टाइल करून घेतलं तेवढं… हो, स्टेशनाबाहेर मीच चिकटवलं. बाजारात मीच. तुमच्या शाळेच्या फाटकाला सुद्धा मीच… फाडलंत? फाडा. दीडशे काढलेत.

कुठलं वाक्य?… वाचू नका, मला पाठ हाय. 'हेडमास्तर शरच्चंद्र गुरुजी एकोणीस वर्षं बदामाच्या झाडाखाली पाऊस मोजतात, आणि कमी भरला की शेतकऱ्याच्या नावानं बोंब मारतात.' यात खोटं काय ते सांगा… 'बोंब' शब्द लागला? आज होळी हाय गुरुजी. आज चालतो.

नाय, हसत नाय मी. परवा तालुक्याची सभा हाय. जंगल खात्याचे साहेब तुमचं रजिस्टर टेबलावर ठेवणार. पूर्वी एकशे चाळीस इंच पडायचा, आता एकशे चार. का कमी झाला? तर आमी राबासाठी फांद्या तोडतो म्हणून. ठराव लिहून तयार हाय, मला ग्रामसेवकानं वाचून दाखवला. यंदापासून राब बंद. फांदी तोडली तर दंड, दुसऱ्यांदा तोडली तर कोर्ट… हो, तुमचाच आकडा हाय त्यात. तालुक्यात दुसरा कुणाचा आकडा त्यांनी धरलाच नाय.

तुमी त्या साप्ताहिकात काय लिहिलंत? 'अज्ञानी शेतकऱ्यांची आग लावण्याची हौस.' हौस? गुरुजी, राब म्हंजे हौस नाय. वाफ्यावर फांद्या पसरायच्या, शेण, पातेरा, वरनं माती, आणि जाळायचं. मग भात पेरायचं. नाय जाळलं तर आमच्या जमिनीत रोपाच्या आधी तण वर येतं. आणि आमी फांदी तोडतो, झाड नाय तोडत. ज्या ऐनावर माझा आजा चढायचा त्याच ऐनावर मी चढतो. झाड मारलं असतं तर मी कशावर चढलो असतो?… ऐका ना… अहो, ऐकून तरी घ्या…

काय?… झाडावर एक पान नाय म्हणता?… आत्ता नसणारच. फाल्गुन हाय. बदाम शिमग्याला उघडा पडतो. पण तुमी पाऊस आषाढात मोजता. आषाढात त्याचं एकेक पान ताटलीएवढं असतं, आणि फांद्या आडव्या, एका माळ्यावर दुसरा माळा. छत्री धरून उभं राहायचं आणि म्हणायचं, यंदा पाऊस कमी…

गळतं ना. पानांवरनं गळतं हे मला तुमी सांगू नका. कुठं गळतं ते सांगा. फांदीच्या टोकाला गळतं. मी सुतळी सोडून मोजलं, टोक तुमच्या पर्जन्यमापकाच्या पाच हात पुढं हाय… हो, काल. काल आवारात शिरलो मी. फाटक उघडं होतं… द्या की पोलिसात. तिथं विचारतील, आवारात शिरून काय केलं? मी सांगीन, झाड मोजलं.

कुणी लावलं?… हे विचारता तुमी मला? पासष्ट साल, वनमहोत्सव. पाहुणे आले, भाषण झालं, रोप हातात घेऊन सगळे उभे. आता लावायचं कुठं? तुमी म्हणालात, पर्जन्यमापकाच्या कुंपणात लावू. आयतं तारेचं कुंपण हाय, शेळ्या खाणार नायत, नवं घालायला नको. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खड्डा मी खणला. सातवीत होतो मी… हो, आणि त्याच वर्षी तुमीच फळ्यावर काढून शिकवलं होतं की मापक उघड्यावर पाहिजे, जवळ झाड नको, भिंत नको. मला नाय आठवलं खड्डा खणताना. तुमालाही नाय. रोप गुडघ्याएवढं होतं, त्याचं पुढं काय होईल ते कुणाच्या डोक्यात आलं नाय. निम्मी चूक माझी धरा. पण मी त्या चुकीचं रजिस्टर नाय लिहिलं एकोणीस वर्षं.

माझं शिक्षण कशाला काढता मधेच?… सातवी पास. आठवीच्या वर्गात बसलो नाय. पुढचं वाण्याच्या रद्दीतनं वाचलं. त्याच रद्दीत सरकारी हवामानाचं एक पुस्तक मिळालं, त्यात चित्र हाय. झाड जेवढं उंच, त्याच्या दुप्पट तरी लांब मापक पाहिजे. तुमचं झाड तीस फूट. आणि मापक चार पावलांवर… मग मागवून घ्या पुस्तक, तुमी हेडमास्तर आहात.

आकडा? हाय ना माझ्याकडं आकडा. एका वर्षाचा का होईना, हाय… डालड्याचा डबा. हो, डबाच. वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीचा, ठोका पडलेला नाय. माझी बहीण जनी शाळेच्या भिंतीला लागून राहते, तिच्या अंगणात उघड्यावर दगडांत बसवला. गेल्या साली मिरगापासून घट बसेपर्यंत रोज सकाळी साडेआठला, तुमी मोजता त्याच वेळेला, फूटपट्टी आत घालायची, गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिहायचं, डबा पालथा करायचा. एक दिवस चुकली नाय. ताप होता तेव्हा तिच्या नवऱ्यानं मोजलं. एकशे सदतीस इंच झाले. तुमचे एकशे चार. मधे एक भिंत, गुरुजी. भिंतीच्या अलीकडं दुष्काळ नि पलीकडं पूर?

भाजी विकणारी बाई… हो, विकते भाजी. म्हणून तिला आकडा कळत नाय? तिच्याकडनं पावशेर मिरच्या घेता तेव्हा काट्याकडं डोळे लावून कोण उभं असतं, ती का तुमी?… नाय, उद्धट बोलत नाय. तुमी माझ्या बहिणीवर गेलात म्हणून बोललो.

… हं… … हं… थांबा. हे मात्र खरं हाय. कोळशाचा ठेकेदार माझा कागद खिशात घालून फिरतोय हे नागूनं मला सकाळीच सांगितलं. पाऊस कमी झालाच नाय, मग डोंगरावरची झाडं तोडायला हरकत काय, असं म्हणत फिरतोय तो. म्हणून तर जळतंय माझं. मी कुठं म्हणतो काही बिघडलं नाय? आमचा वरचा झरा यंदा शिवरात्रीला आटला. पूर्वी वैशाखात पाणी असायचं. पाऊस इंचाला तेवढाच भरतो, पण पडतो कसा? आठ दिवस माती वाहून जाईल असा, आणि मग पंधरा दिवस थेंब नाय. रोप उभं पिवळं पडतं. वर भट्ट्या लागतात, ट्रक उतरतात, ते तुमच्या शाळेच्या रस्त्यानंच जातात. हे लिहा की साप्ताहिकात. ट्रकाचे नंबर मी देतो… तुमी ते नाय लिहिलंत. ट्रकवाला तुमाला जाब विचारायला येईल. राबवाला कशाला येतोय, तो नमस्कार घालतो.

आणि उद्या शहरातला कुणी शहाणा येऊन ते झाड बघून गेला, की रजिस्टर खोटं ठरेल, आणि मग झरा आटला हे सुद्धा खोटं ठरेल. माझी जनी सांगेल तेही खोटं. सगळंच थट्टेवारी जाईल… नाय, तुमाला शिकवत नाय. विनंती करतोय. माझा आवाजच असा हाय.

एकच मागणं हाय. परवा सभेत तुमी स्वतः उठा आणि सांगा, मापक झाडाखाली होता, हे आकडे धरू नका. बस. तुमी सांगितलंत तर साहेब ऐकतील, ठराव मागं पडेल, या साली आमची पेरणी होईल. मी सांगितलं तर म्हणतील, हा राबवाला, हा बोलणारच. तुमी उठलात तर उरलेले कागद मी चुलीत घालतो, आणि ठेकेदाराच्या विरुद्ध तुमच्या शेजारी उभा राहतो. लिहून देतो पाहिजे तर…

अब्रू… हं… जूनमधे रिटायर होताय, माहीत हाय मला. सत्काराची वर्गणी मी पण दिली हाय… मग निरोप चांगला मिळावा म्हणून चाळीस गावांनी पेरायचं नाय?… तुमी हो म्हणा नायतर नाय म्हणा. विषय बदलू नका.

… थांबा जरा. तो आवाज कसला?… नाय, इथली गिरणी बंद हाय. तुमच्याकडनं येतोय. ठक… ठक… सुतार? आज सणाला?… होळीसाठी लाकूड तोडतायत. बरं. तुमी शाळेच्या फोनवरनं बोलताय ना?… मग आवारातलं कुठलं लाकूड, गुरुजी?

कुठलं झाड?

… … बदाम होळीला दिलात.

हां… हां, आलं ध्यानात. होळीला दिलेल्या झाडाचा जाब कुणी विचारत नाय. संध्याकाळी पेटवलं की राख. परवा साहेब आले तर मापक कसा मोकळ्या आभाळाखाली. आणि मी तिथं उभा, नसलेल्या झाडाकडं बोट दाखवत… फांदी तोडली तर आमाला कोर्ट, आणि तुमी बुंध्यातनं तोडता?… नाय, आता तुमी ऐका. मला फोन कशाला केलात मग?… मी कागद मागं घेतो म्हणालो असतो तर कुऱ्हाड थांबवणार होतात?… असं. म्हंजे सौदा करत होतात इतका वेळ.

कोण तोडतंय?… गोमा. शिपायाला लावलंत. त्या बिचाऱ्यानं इतकी वर्षं त्या झाडाचा पाला झाडला… काय विचारतोय तो? दारात आलाय ना, ऐकू येतंय मला… कुठल्या बाजूला पाडायचं?… पडवीच्या बाजूला नको. गुरुजी, पडवीच्या बाजूला नको सांगा त्याला. टेलिफोनची तार त्या फांद्यांतनंच आत येते, काल बघितली मी… तुमच्या डोक्यावर हाय ती, खिडकीतनं वर बघा एकदा… अहो मला अक्कल नाय, कबूल, पण वर बघा ना… गोमाला हाक मारा. गोमा… गुरुजी, त्याला थांबवा आधी, मला मग घाला शिव्या…

हॅलो?… हॅलो… गुरुजी?…

हॅलो?

नागू, लाइन गेली… नाय, ठेवला नाय त्यांनी. ठेवला की टक् वाजतं. हे करकरत आलं, आणि मग काहीच नाय… हो. तारेवरच पडलं.

टेंपो काढ… भात राहू दे रं, भात उद्या भरडू. संध्याकाळी पेटवतील ते. करवत घे बरोबर. अख्खं झाड नाय मागत मी, बुंध्याकडचा वीतभर ओंडका दिला तरी पुरे. तो मांडीवर घेऊन बसतो परवा सभेत. बघू कोण उठवतंय. ठेव हा फोन जागेवर.