सासऱ्यांनी रंगवलेला रॅक

...आणि वर सासरे मलाच विचारतात, "सूनबाई, तुझ्या रॅकला हात लावला की झिणझिण्या का गं येतात?" आता काय सांगू, तुम्हीच सांगा. छापखाना सासऱ्यांचा, रंग सासऱ्यांचा, झिणझिण्या मात्र माझ्या. नवी सून ना मी.

तुम्हाला सांगते, काम तसं साधं. आमच्या घराखालीच छापखाना, तिथले संगणक एकमेकांना जोडायला दोन स्विच, आणि ते बसवायला लोखंडी रॅक. लग्नाआधी मी हेच काम करायची, म्हणून सासरे कौतुकानं म्हणाले, "बाहेरचा माणूस कशाला, घरातच आहे की." रॅक आला, मी दोन दिवस माहेरी गेले, परत येऊन बघते तर रॅक पिस्ता रंगाचा... ऑइलपेंट, दोन हात, आतून, बाहेरून, अर्थिंगची वायर जिथं बांधायची त्या बोल्टवरूनसुद्धा. वर स्विचही चढवलेले, चार-चार स्क्रूंऐवजी दोन-दोनवर लटकलेले, उरलेले "जास्तीचे आले होते" म्हणून डबीत. अर्थिंगची ती हिरवी-पिवळी वायर त्या रंगावरच आवळलेली.

"भिंतीला शोभतंय ना कपाट?" सासरे ब्रश पुसत म्हणाले. मागून सासूबाई, "फ्रिज वाचला, नशीब समजा."

आता रंग मधे आला की ती वायर नुसती शोभेची. गळकी वीज जमिनीत जाणार कशी? जो हात लावेल त्याच्या अंगात जाणार. पण इतक्या हौसेनं रंगवलेलं खरवडा म्हणायचं कसं? नवऱ्याला म्हटलं, तू सांग, तू मुलगा आहेस. "म्हणूनच तर नाही सांगत," म्हणाला. मग काय, मी काही बोलले नाही... सासूबाईंचा ओला हात त्या रॅकला लागेपर्यंत. हात असा काही झटकला त्यांनी, दुसऱ्या हातातली कपबशी कोपऱ्यात जाऊन फुटली.

तेव्हा तोंडातून निघून गेलं, "बाबा, मेन बंद करा. रंग खरवडायचाय."

सासऱ्यांनी मेन बंद केला, स्वतःच कानस आणून दिली, आणि मी बोल्टखालचा नखाएवढा रंग काढत होते तर चेहरा असा, जणू त्यांच्याच गुडघ्याची खपली काढतेय. लोखंड उघडं पडलं, वायर आवळली, डबीतले स्क्रू लावले, मीटर लावून बघितला, जोड पक्का म्हणून टूं वाजला. मेन चालू करून तपासलं, मग सासऱ्यांनी तळवा ठेवला. ठेवूनच उभे.

"गेल्या की झिणझिण्या," म्हणाले. मग हळूच, "रंग वाईट होता का गं?"

"उत्तम होता, बाबा. विजेलासुद्धा भेदता आला नाही."

तेव्हा कुठे हसले. सासूबाईंनी चहा टाकला, आणि मला पहिल्यांदा त्या घरात पाय पसरून बसावंसं वाटलं.

सकाळी खाली उतरते तर... बोल्ट पिस्ता. वायरही पिस्ता. धावत जाऊन मीटर लावला. टूं. आत लोखंड लोखंडाला घट्ट भिडलेलं, रंग नुसता वरून, उलट गंजायचं टळलं. सासरे मागे उभे, "उघडं बरं दिसत नव्हतं. ते स्विच काळेच ठेवायचे का गं? डब्यात अजून अर्धा रंग आहे."

मी नुसतं वर, घरातल्या फ्रिजच्या दिशेनं बोट केलं.