तोंडातनं निघतं ते

माझं नाव मार्था. पन लिवताना मार्थाबाई लिवा, नुसतं मार्था लिवलं तर लोकांना वाटंल कुनी शहरातली पोरगी बोलती. माहेर माझं श्रीगोंद्याकडचं, उसाच्या मुलखातलं. आमच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तवापासून आमी ख्रिस्ती, आन आजी माझी, तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं पन स्तोत्रं सगळी पाठ, दुसऱ्याच्या रानात खुरपताना एका सरीला एक स्तोत्र म्हनायची, आन सरी लांब आसली तर त्येच स्तोत्र पुन्यांदा. तिच्या मागं मागं खुरपून मलाबी पाठ झाली. अर्थ नंतर कळला. काही काही तर आत्ता कळतोय, ह्या वयात, आन न्हाई कळला आसता तर बरं झालं आसतं आसंबी वाटतं मला कधी कधी.

लगीन करून आले ती हितं, सोनईच्या अलीकडं. मालक गवंडी. नाव शमुवेल, पन गाव सगळं सामेल मिस्त्री म्हनतं. आता गवंडीकाम म्हंजी काय सांगू तुमाला ताई, तिथं शिवी दिल्याबिगर वीट बसत न्हाई. ठेकेदार गवंड्याला, गवंडी बिगाऱ्याला, बिगारी घमेल्याला, ज्याच्या हाताखाली जे आसंल त्याला शिवी. पन आमच्या मालकांच्या तोंडी कधी आली न्हाई. एकदा पायावर फरशी पडली हुती, अंगठ्याचं नख उपसून निघालं, तर काय म्हनले आसतील? अरे बापा. बास. तेवढंच. त्यामुळं लोक मुद्दाम त्यांनाच बोलवायचे, सामेलला सांगा, आपल्या घरात बायामानसं हायेत, तो माणूस सरळ हाय. मराठ्यांची निम्मी घरं ह्यांच्या हातची हायेत हितं, जाताना बघा तुमी.

आन चर्चमधी ह्यांचा मान वेगळाच. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्यात प्रभुभोजन आसतं, तुमाला म्हाईत नसंल म्हनून सांगते, प्रभू येशूनं मरायच्या आदल्या राती शिष्यांना भाकर दिली, प्याला दिला, त्याची आठवन. तर शनिवारी मी काळ्या मनुका उकळून, कुस्करून, फडक्यानं गाळून त्याचा रस करायची, आन हे ब्रेडच्या कडा काढून तुकडे करायचे, सगळे एकसारखे, गवंड्याचा हात. त्या शनिवारी घरात मोठ्यानं बोलायचं न्हाई, आसा आमचा आमीच केलेला नेम हुता. मनुकांचा वास सुटायचा घरभर आन हे सुरी चालवता चालवता गुनगुनायचे. कुनी मला विचारलं की मार्थाबाई तुमचा आनंद कशात हाय, तर मी तो शनिवार सांगितला आसता. तवा कुनी विचारलं न्हाई म्हना.

मागल्या साली गव्हाच्या काढनीच्या दिसात हे एका घराचं प्लास्टर करत हुते. हातातनं थापी पडली, उचलायला वाकले ते बसलेच. तोंड वाकडं, उजवा हात गेला. नगरला नेलं दवाखान्यात. जीव वाचला, पाय पन हळूहळू चालाया लागला, पन बोलनं गेलं. नुसतं बघायचे माझ्याकडं. व्हट हलवायचे आन आवाज न्हाई. मी तिथं फरशीवर बसून देवाला म्हनले, बापा, मला जास्त नको, ह्यांना एक शब्द दे, माझं नाव नको, तुझंबी नको, कंचाबी दे पन एक शब्द दे.

आन दिला ताई. एकच दिला.

आमच्या चर्चचे पाळकसाहेब आले हुते प्रार्थनेला. तरुन हायेत, चांगले हायेत, मी त्यांना वाईट म्हननार न्हाई. त्यांनी ह्यांच्या डोक्यावर हात ठेवून लांबलचक प्रार्थना केली, शेजारच्या खाटंवरचे लोकबी हात जोडून हुते, आन शेवटाला सगळे आमेन म्हनले तवा हे बोलले. चांगलं खणखणीत बोलले. शिवी. आईवरनं आसती ती. मी तुमाला सांगनार न्हाई, तुमी लिवून घेताय, आन तुमाला म्हाईतच हाय.

मला वाटलं कानाचा दोष. पानी पाहिजे का विचारलं, तर त्योच शब्द. मुलीनं पुन्याहून फोन केला, कानाला लावला, पप्पा पप्पा करून रडती ती, आन हे तिला त्योच शब्द. आन म्हनून झालं की ह्यांच्याच डोळ्यांतनं पानी, डाव्या हातानं आपलंच तोंड दाबायचे. म्हंजी कळत हुतं सगळं. तिथल्या डॉक्टरीनबाईनं मला बसवून सांगितलं, मावशी, ते शिवी देत नाहीत. डोक्यात बोलायची जागा एकीकडं आसती, ती बिघडली. दचकलं, रागावलं की आपसूक तोंडातनं निघतं त्याची जागा दुसरीकडं, ती शाबूत हाय. ह्यांना पानी म्हनायचं आसतं, येतं ते. आसं लई जनांचं हुतं म्हनली. मला पटलं. म्हंजी दवाखान्यात पटलं. गावात येईस्तवर पटलेलं हुतं.

गावात काय, पहिल्या आठवड्यात मंडळी आली घरी प्रार्थनेला. मी सतरंजी टाकली, चहा ठेवला. मधीच ह्यांनी ते म्हनलं. बायांनी पदर तोंडाला लावले. एक उठून बाहेर गेली. आन दानियेलभाऊ, आमच्या चर्चच्या पंचकमिटीतले, ह्यांचे लहानपनापासूनचे सोबती बरं का, चिंचेखाली गोट्या खेळलेले, त्ये मला अंगनात घेऊन म्हनले, वहिनी, वाईट वाटून घेऊ नका, पन प्रभूनं सोता सांगितलंय की मानसाच्या तोंडात जातं त्यानं तो विटाळत न्हाई, तोंडातनं निघतं त्यानं विटाळतो, कारन ते काळजातनं येतं. मी म्हनले, भाऊ, त्यो आजार हाय. त्ये म्हनले, आजार आसंल तर जीभ जाईल, शिवी कशी राहील? हे दुसरंच काहीतरी शिरलंय. नगरच्या बाजूला एक जन प्रार्थना करून काढतो, घेऊन जाऊ आपन. मी न्हाई म्हनले. चहा तसाच राहिला सगळ्यांचा.

त्याच्या पुढल्या शनिवारी मी मनुका भिजत घातल्या तवा निरोप आला की मार्थाबाई, तुमी आता आजाऱ्याच्या मागं दमलाय, तुमी ह्या वक्ताला आराम करा, रसाचं आमी बघतो. किती गोड बोलले बघा. आता बाटली आनत्यात दुकानातनं.

पन मी लोकांचं काय घेऊन बसले. लोकांपेक्षा माझंच मन लई वाईट ताई. भाकरी थापता थापता ते वचन माझ्या डोक्यात फिरायचं. काळजातनं येतं. मग म्हंजी ते हुतं का हो ह्यांच्या काळजात? एवढी वर्षं परांचीवर उभं राहून सगळ्यांच्या शिव्या ऐकल्या, नख उपसलं तवा अरे बापा म्हनले, तर त्या अरे बापाच्या खाली हेच दाबून ठेवलं हुतं का? ठेकेदारासाठी ठेवलं हुतं का देवासाठी? का माझ्यासाठी? मी पन काय सोपी बाई न्हाई, तोंडाळ हाय मी, मी भांडायची तवा हे उठून बाहेर जायचे. बाहेर जाऊन काय म्हनत आसतील? म्हंजी मानसाच्या बाजूला सगळा जलम काढायचा आन शेवटाला विचारायचं, तुमी कोन? आन विचारलं तर ते काय सांगनार, त्योच शब्द. बायबलात ईयोबावर संकटं आली तवा त्याला दोष देनारे मित्र निदान बाहेरनं आले हुते बोलायला. माझं तर मीच मला बोलत हुते.

त्यात एका रविवारी पाळकसाहेबांनी प्रभूच्या प्रेषितावर, पौलावर, बोध केला. पौल बेड्यांत हुता, तुरुंगात हुता, तरी मंडळीला लिवून कळवतो की आनंद करा, सदा आनंद करा. आन म्हनले, आपन उठता-बसता आनंद शोधला पाहिजे. मला आसा राग आला! मनात म्हनले, पौलाच्या हातापायात बेडी हुती, जिभंला नव्हती. आन त्याची बायको नव्हती. मी घरी येऊन भांडी आपटली. हे माझ्याकडं बघत हुते आन म्हनले, ते. मी म्हनले, व्हय, बरोबर बोलताय तुमी.

आमच्या शेजारी कांताबाई हाय, शेतकरी घरातली, हिंदू. मी शाळंवर खिचडी शिजवाया जाते तवा ती ह्यांच्यावर ध्यान ठेवती. हे तिलाबी म्हनत्यात, आन ती काय म्हनती, व्हय भाऊ, आनते चहा. तिला काहीच वाटत न्हाई. मी म्हनले, कांताबाई, तुला राग येत न्हाई? ती म्हनली, आगं माझा सासरा सगळं शुद्धीत आसून म्हनायचा, त्यापरीस हे बरं.

एकदा दुपारची मी आले तर घरातनं गान्याचा आवाज. आमचं स्तुतीचं गानं, सनाला म्हनतो ते. चाल आगदी बरोबर, ताल बरोबर, वर चढतंय तिथं आवाज चढतोय, आन शब्द मातुर त्योच एक, पहिल्यापासून शेवटापर्यंत, कडव्यातबी त्योच आन धृपदातबी त्योच. हे डोळे मिटून, डाव्या हातानं मांडीवर ठेका धरून म्हनत हुते. आन दारात कांताबाई टाळ्या वाजवती. मी दारातच खाली बसले. मला आसं हसू आलं, आसं हसू आलं, पोटात दुखाया लागलं. ह्यांनी डोळे उघडले, मला बघितलं, आन तेबी हसले, अर्ध्या तोंडानं, अर्धं हलतच न्हाई ना. आजारानंतरचं पहिलं हसनं ते आमचं. मग मी घाबरले. म्हनले, देवा, हे पाप हाय का? तुझ्या गान्यात आसलं घातलं आन मी हसले. पन खरं सांगते, त्या दिवशी भाकर गोड लागली मला. हेच आसंल काय पौलाचं, मला म्हाईत न्हाई, पन लागली.

तवा मी ठरवलं की ह्यांना प्रभुभोजनाला न्यायचं. आजारापासून ह्यांच्या तोंडात ती भाकर गेली नव्हती. पाळकसाहेबांना इचारलं तर न्हाई बी म्हनले न्हाईत आन व्हय बी न्हाई, म्हनले थोडं बरं वाटू द्या, मी घरी घेऊन येईन. वाट बघितली. आले न्हाईत. मग पहिल्या रविवारी मी ह्यांना धुतलेली पांढरी टोपी घातली, हात धरला आन नेलं. आमच्यात बाया डावीकडं बसत्यात, बाप्ये उजवीकडं. मी ह्यांच्यासंगं बाप्यांत बसले, कोन काय म्हनंल ते म्हनू दे. निम्मी उपासना हे गप हुते, मला वाटलं निभावलं. मग भाकरीचं ताट आलं. सगळं चर्च शांत, पाळकसाहेब ताट घेऊन ह्यांच्याम्होरं वाकले, ख्रिस्ताचं शरीर म्हनले, आन हे त्यांच्या तोंडाकडं बघून म्हनले. मोठ्यानं. शेवटच्या रांगंपर्यंत गेलं.

ताट तिथंच थांबलं. पाळकसाहेबांनी दानियेलभाऊंकडं बघितलं, दानियेलभाऊंनी खाली बघितलं. मला एवढी वचनं पाठ, पन त्या वक्ताला एक आठवलं न्हाई. मी हात घातला ताटात, तुकडा उचलला आन ह्यांच्या तोंडात ठेवला. बाईमानसानं आमच्यात ताटाला हात लावायचा नसतो. ह्यांनी चावला, सावकाश, गिळला. ताट पुढं गेलं. मग प्याला वाटला. त्यो आमच्यापर्यंत आलाच न्हाई.

आता पंचकमिटीत आमचा इषय हाय. बैठक लांबत चाललीय. काय ठरंल ते ठरंल. दानियेलभाऊ रस्त्यानं दिसले की सायकल दुसरीकडनं घेत्यात, त्यांचंबी काही खरं न्हाई, मला त्यांची कीवच येती. तवर रविवारी आमी घरातच बसतो. मी एक स्तोत्र म्हनते, आजीचं, मग ह्यांना म्हनते आता तुमी प्रार्थना करा. हे डोळे मिटत्यात, मान खाली घालत्यात, आन ते म्हनत्यात, कधी हळू, कधी रडून, कधी चार-पाच डाव. मी आमेन म्हनते. ह्यांच्या मनात काय हाय ते मला अजूनबी कळत न्हाई ताई, पन मानूस आसा मान खाली घालून शिवी देत नसतोय, एवढं मला कळतं. घोर एकच हाय. मी आधी गेले तर ह्यांची प्रार्थना प्रार्थना हाय हे कुनाला कळंल?

आसो. चहा घेतला का तुमी? देव तुमच्या लेकराबाळांना सुखात ठेवो. बाहेर वट्यावर बसलेत बघा हे, जाताना भेटून जा. जय ख्रिस्त म्हना. ते तुमाला त्योच शब्द म्हनतील. तुमी आमेन म्हना.