मागनं येणारी एम-एटी

झोया : अब्बा, एक विचारू? आधी कबूल करा, चिडणार नाही. उद्या शर्यतीत पण तुम्ही माझ्या मागनं रोजच्यासारखी एम-एटी गाडी घेऊन येणार का?

भार्गवी : विचारलंस! चाची, हिनं खरंच विचारलं!

अब्बा : कुणी शिकवलं गं तुला हे?

झोया : शिकवलं नाही, पैज लागलीय. दहावी 'ब'च्या पोरी म्हणाल्या, हिंमत असेल तर साताऱ्याला पोचायच्या आत अब्बांना विचारून दाखव. मलकापूर मागं पडलं, कऱ्हाड मागं पडलं, आता उंब्रज येईल. म्हटलं, टाकावं विचारून.

अब्बा : एम-एटी तिकडं इस्लामपुरात दुकानाम्होरं उभी हाय. व्हॅनमधी गादी टाकल्यावर तिला जागाच उरली न्हाई.

अम्मी : म्हणजे जागा असती तर आणली असती! ऐकलंस भार्गवी? मी सतरा वर्षं या माणसाबरोबर राहतेय.

भार्गवी : पण चाचा, गादी कशाला? आपण झोयाच्या मावशीकडंच, खालाकडंच राहणार ना आज? त्यांच्याकडं पलंग असतील की.

अब्बा : पलंग असंल, पर त्यावर फोम असंल. फोमवर पाठ धरती. रहिमान गादीवाल्याची पोरगी उद्या धा किलोमीटर पळणार, आन् आज रात्री फोमवर झोपणार? लोक काय म्हणतील?

झोया : लोकांना कसं कळेल मी कशावर झोपले ते?

अब्बा : मला कळंल की.

भार्गवी : माझ्या केसात तरी सगळा कापूस गेलाय. चाचा, तुम्हाला माहितीय, शाळेत हिला काय म्हणतात? मंत्रीबाई! मागं कायम दिवा लावलेली गाडी असते ना, म्हणून.

अब्बा : म्हणू दे. पहाटं पाचाला त्या रस्त्याला कुत्री असत्यात. उसाच्या ट्रॉल्या असत्यात, एकेकीला मागं लाइट न्हाई. पोरगी एकटी सोडू व्हय?

अम्मी : आणि तो हॉर्न! एकदा वाजला की हळू हो, दोनदा वाजला की जोर लाव. अख्ख्या गल्लीला पाठ झालाय. परवा दूधवाले तात्या म्हणाले, "वहिनी, दोनदा पों पों ऐकलं की माझीच सायकल पळायला लागते."

झोया : हसू नको अम्मी. मला त्याच्यावरनंच कळतं मी किती जोरात आहे ते. पहिल्या गिअरचा आवाज आला की मी ढिली, दुसऱ्याचा आला की भारी!

भार्गवी : पळताना माझ्याकडं घड्याळ असतं, तुझ्याकडं बाप असतो.

झोया : बरं, ते जाऊ दे. अब्बा, दुसरं विचारायचंय. हे पैजेतलं नाही, माझं आहे. सांगलीचं काय?

अब्बा : सांगितलंय की.

झोया : परत सांगा. भार्गवीला ऐकू दे, साक्षीदार.

अब्बा : उद्या मी मागं न्हाई. एकटीनं नीट पळून आलीस तर पुढच्या महिन्यातल्या सांगलीच्या शर्यतीचं बघू. वाटंत कुठं बसलीस, चक्कर-बिक्कर आली, तर त्या पोरींच्या संगट एसटीनं जायचं नाव काढायचं न्हाई.

झोया : शरयू मॅडम असणार आहेत बरोबर! आमच्या पीटीच्या मॅडम, अब्बा, स्वतः राज्य पातळीवर खेळलेल्या. सोमवारी त्या नावं घेणार. बाकी सहाजणींची घरनं परवानगी आलीसुद्धा. माझंच अडलंय.

अब्बा : म्हणून तर म्हटलं, बघू.

अम्मी : यांच्या 'बघू'ला फसू नको. आमचं लग्न ठरायच्या वेळी माझ्या अब्बांनाही 'बघू'च म्हणाले होते. दीड वर्ष बघत होते!

अब्बा : बघून केलं म्हणून टिकलं.

* * *

झोया : अम्मी, केवढी माणसं! बाप रे, ढोल! भार्गवी, माझे पाय बघ, ढोलावर नाचायलाच लागलेत.

भार्गवी : उड्या मारू नकोस, दम इथंच संपेल. नीट ऐक. पहिले दोन किलोमीटर माझ्या बाजूलाच राहायचं. सात मिनिटाला एक. समर्थ मंदिराच्या पुढं चढ लागला की आणखी हळू. पाच किलोमीटरला वळायचं, की मग सगळा उतार. उतारावर मर काय मरायचं ते.

अम्मी : मर म्हणू नको गं सकाळी सकाळी.

झोया : अब्बा, कुठं गेला होता? ते आजोबा बघा, आटपाडीहून आलेत. एकाहत्तर वय! मला म्हणाले, "पोरी, घाटात मला गाठलंस तर उसाचा रस पाजतो."

अब्बा : त्या पोलिसाला विचारून आलो. एक बी गाडी सोडत न्हाईत. माझी सोडा म्हटलं, लांबनं येतो, तर हसला.

अम्मी : विचारलंत तुम्ही? खरंच जाऊन विचारलंत?

अब्बा : विचारायला काय जातंय? झोया, बुटाची नाडी डबल बांधलीस का? नंबराची पिन टोचती का? पाणी सांडू नको अंगावर. आन् हे बघ...

झोया : काय?

अब्बा : काय न्हाई. जा.

* * *

(यवतेश्वरचा घाट. चौथ्या किलोमीटरची पाटी थोडी पुढं आहे.)

भार्गवी : झोया? अगं, तू कठड्यावर काय बसलीस? तू तर रॉकेटसारखी गेलीस मला सोडून!

झोया : हॉर्न... हॉर्न वाजला.

भार्गवी : कसला हॉर्न?

झोया : मागनं. पों पों. दोनदा. मला वाटलं... पायच सुटले गं माझे. डोक्याला विचारलंसुद्धा नाही पायांनी. सुसाट. त्या आजोबांना मागं टाकलं, दोन मिशीवाल्यांना टाकलं. एक काका म्हणाले, "आगं आगं, चढ हाय!"

भार्गवी : अगं बावळट, शर्यतवाल्यांचीच, पाण्याची खोकी घेऊन चाललेली मोटरसायकल होती ती! बाजूला व्हा म्हणत होता! मी ओरडले मागनं, "ते चाचा नाहीत" म्हणून.

झोया : वळणावर पुढं गेला तेव्हा दिसला ना. हेल्मेट. लाल टी-शर्ट. मग मी मागं वळून बघितलं, तर नुसता रस्ता. आणि एकदम पोटात कळ आली, पाय गळाले. ते आजोबा पण गेले पुढं. जाताना म्हणाले, "रस ऱ्हायला बघ तुझा."

भार्गवी : चेहरा पांढरा पडलाय तुझा. त्या स्वयंसेवकाला बोलावते. अँब्युलन्स आहे खाली.

झोया : बोलावलंस तर बघ! अँब्युलन्समधनं उतरले की सांगली संपली.

भार्गवी : मग मी थांबते तुझ्यापाशी.

झोया : तू कशाला? तुझी वेळ मस्त चाललीय. जा तू.

भार्गवी : आणि तू पळणार कशी? मागं आवाज नसला तर तुला कळतं तरी का हळू काय, जोरात काय?

झोया : तेच तर गं. पाच महिने रोज पळतेय, आणि माझा वेग मलाच माहिती नाही. माझा वेग पण अब्बांकडंच! थांब. एक मिनिट बोलू नको.

भार्गवी : काय झालं?

झोया : गप ना. ऐकू दे. नाकानं आत... एक, दोन, तीन, चार. नाही, चार जास्त होतंय चढाला. तीन. तीन पावलं आत, तीन बाहेर. हे जमतंय. बघ, उभी राहिले. पळू शकते मी.

भार्गवी : हे काय, गोगलगाय!

झोया : असू दे. माझी आहे ना गोगलगाय. तू हो पुढं. अगं जा! वर वळणावर मला टाळी द्यायला समोरनं ये.

* * *

अम्मी : आली! भार्गवी, ती बघ, निळ्या पट्ट्याची! झोया! अगं इकडं! या अल्ला, हसतेय ही! लोक रडत येतायत आणि ही हसतेय!

झोया : अम्मी! मी आले! किती झाले? भार्गवी, किती?

भार्गवी : एक तास एकोणीस मिनिटं!

झोया : आणि तुझे?

भार्गवी : एक सहा. पण शेवटी कसली आलीस तू! त्या आजोबांना गाठलंस!

झोया : उतारावर! रस नको म्हटलं, फक्त फोटो काढा माझ्याबरोबर. अम्मी, उतारावर मी चार पावलं आत, चार बाहेर केलं. माझ्या मागं कुणी नव्हतं आणि मी जात होते, जातच होते! मला वाटलं आता हा रस्ता संपूच नये. अब्बा कुठायत?

अम्मी : तेच मी मघापासनं शोधतेय. तुम्ही सुटलात, आणि हे म्हणाले, "जरा म्होरं जाऊन बघून येतो." तासाच्या वर झाला. फोन माझ्याच पिशवीत.

भार्गवी : चाची, ते बघा. चपला हातात घेऊन कोण येतंय?

अम्मी : अहो! हे काय ध्यान? सदरा सगळा भिजलाय! पडलात का कुठं?

अब्बा : पडलो न्हाई. पळालो.

झोया : काय?

अब्बा : तुमी निगालात आन् माझा जीवच थांबंना. गाडी सोडत न्हाईत तर चालत जावं म्हटलं. चालत चालत पळायलाच लागलो. पाण्याच्या पहिल्या टेबलापाशी दोन पोरींनी अडवला. केळं दिलं, पाणी दिलं, आन् विचारत्यात, "काका, तुमचा नंबर कुठाय?"

भार्गवी : मग काय सांगितलंत?

अब्बा : सांगणार काय? तोंडातनं शब्द फुटंल तवा ना! लय धाप. एक किलोमीटर बी झाला नव्हता. तिथंच फूटपाथवर बसलो, अर्धा तास. सगळं जग म्होरनं पळत चाललंय आन् मी बसलोय केळं धरून.

अम्मी : या वयात हे धंदे! काही झालं असतं म्हणजे?

अब्बा : परवीन, मला वाटायचं, पाच महिनं मी बी हिच्या संगट पळतोय. रोज दमल्यागत वाटायचं, खरंच सांगतो. नुसता बसून होतो की गं मी. ही किती पळती ते आज कळलं. बरं झोया, तुझं बोल. नीट आलीस न्हवं?

भार्गवी : एकदम नीट चाचा! मस्त! काही सुद्धा...

झोया : भार्गवी, नको. अब्बा, मी बसले होते.

अब्बा : कुठं?

झोया : घाटात, कठड्यावर. एका मोटरसायकलचा हॉर्न दोनदा वाजला. मला वाटलं तुम्हीच. आणि सुटले मी, चढाला, वेड्यासारखी. मग पाय गेले. चार मिनिटं बसले होते. तुम्ही म्हणाला होता, बसलीस तर नाव काढायचं नाही. म्हणून आधीच सांगतेय.

अब्बा : माझ्या हॉर्नमुळं बसलीस?

झोया : तुमच्या नाही, दुसऱ्याच्या.

अब्बा : सवय तर मीच लावली. उठवलं कुणी मग?

झोया : कुणी नाही. उठले.

भार्गवी : खरं आहे चाचा. मी अँब्युलन्स बोलावते म्हटलं तर माझ्यावरच खेकसली. मला हाकलून दिलं पुढं.

अम्मी : आता बोला काहीतरी. आणि ते तुमचं 'बघू' नको आता. माझं मत विचाराल तर...

झोया : अम्मी, थांब. आधी मी बोलते. अब्बा, तुम्ही पण ऐका. मगाशी उतारावर मी ठरवलंय, आणि घरी जाऊन सांगायचा धीर राहील की नाही माहिती नाही, म्हणून इथंच सांगते. सोमवारी मी शरयू मॅडमना नाव देणार. सांगलीला पोरींबरोबर एसटीनं जाणार. आणि उद्यापासून सकाळी भार्गवी आणि मी पळणार, दोघीच. पहाटे नाही, उजाडल्यावर, ट्रॉल्या नीट दिसतील तेव्हा. तुम्ही झोपा निवांत सातपर्यंत.

अब्बा : सातपर्यंत झोप कुठली येती आता मला.

अम्मी : मग चहा करा माझ्यासाठी. सतरा वर्षांत एकदा.

अब्बा : आन् सांगलीला? आमी यायचंच न्हाई व्हय?

झोया : या की अब्बा. पण घाई करू नका. जेवायच्या वेळेला, सावकाश या. तोवर माझं पळून झालेलं असेल.