खोलीत आणखी कोणीतरी आहे

नाही नाही, घरबसल्या नोकरी उत्तमच हो, पण आधी माणसाला घरात बसू तर द्याल! तुम्हाला सांगतो, आमच्या वरच्या मजल्यावरचा अवधूत… जुनी कंपनी बुडाली, आई सुशीलाबाई खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या, मग हा घर सोडून जाणार कुठे? पाच महिने अर्ज, मुलाखतीच्या चार फेऱ्या, आणि एकाही फेरीत माणूस नाही! लॅपटॉपमधून नुसता एक आवाज. गोड. इतका गोड की जाता-येता मी जिन्यातच थबकायचो. चोरून नव्हतो हो ऐकत, मोठ्यानंच चालायचं सगळं!

शेवटची फेरी. वर इस्त्रीचा शर्ट, खाली पायजमा, पंखा बंद, कुकर बंद… आणि आवाज म्हणतो, "खोलीत आणखी कोणीतरी आहे."

कोण असणार? मागं बघतो तर भिंतीवर नागोराव! याचे वडील. खडकीच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढलेले, जाऊन सहा वर्षं झाली, चंदनाचा हार घातलेला फोटो. यंत्राला काय, चेहरा दिसला, मोजला! हा म्हणतोय, "सर, ते आता नाहीत." आवाज म्हणतो, "आहेत." "अहो, वारलेत ते!" "पण ते अजून कॅमेऱ्याकडेच बघतायत."

काटा आला की नाही अंगावर? अवधूतनं फोटो उतरवून आत नेला, तर सुशीलाबाई म्हणतात, "अरे, ह्यांना कामातून कशाला उठवलंस?" एरवी बाई अगदी ताळ्यावर असतात हो! हा परत येऊन बसला. भिंतीवर नुसता खिळा आणि फिका चौकोन. आणि तोच आवाज, तितकाच गोड… "खोलीत आणखी कोणीतरी आहे."

पोरगा घामाघूम! उत्तरं चुकली, नजर सारखी मागं. गेली नोकरी, म्हटलं मी. दोन दिवसांनी मेल आला, "आपल्या खोलीतील दुसऱ्या उमेदवाराची निवड झाली आहे. नजर स्थिर, हालचाल शून्य, उलट प्रश्न नाही." नागोराव, अहो! यावर सुशीलाबाई काय म्हणाल्या असतील? "ह्यांनी एक खाडा केला नाही कधी, तू नाव घालवू नकोस."

पाच महिन्यांतला एकुलता एक होकार, नाही कसं म्हणणार? रोज नऊला वडिलांना हारासकट खुर्चीत बसवायचं आणि आपण टेबलाखाली बसून काम उपसायचं. तेही चाललं होतं हो! पण परवा भर दुपारी पुन्हा तो आवाज, "नागोराव, आपल्या खोलीत आणखी कोणीतरी आहे. त्याला बाहेर काढा."

तेव्हापासून अवधूत मांडीवर कीबोर्ड घेऊन माझ्या दारासमोर जिन्यात बसतो. वर घरात आई हाका मारतेय, हा हलत नाही. काल न राहवून विचारलं, "अरे, असं किती दिवस?"

म्हणाला, "काका, बाबा निवृत्त होईपर्यंत."

आता मेलेल्या माणसानं आणखी किती निवृत्त व्हायचं, तुम्हीच सांगा!