पिना काढलेलं कॉमिक

भद्रावतीहून चंद्रपूरला निघालेल्या बसमध्ये माधवीच्या पुढच्या सीटवर पन्नाशीचे दोघं बसले होते.

"विक्की, आपल्या कॉमिक्सवाल्याले त्या मोठ्या कार्टून कंपनीनं विकत घेतलं म्हणते."

"हो ना. जुने सारे पुन्हा छापतीन."

"फॅक्टरीच्या कॉलनीत आपण पिना काढून अर्धं-अर्धं वाचत होतो."

"पहिलं अर्धं तुले, मागचं मले. मंग अदलाबदल."

माधवीनं कानातली गाणी बंद केली.

"शेवटच्या कॉमिकची अदलाबदल राह्यलीच. तुह्या बाबाची बदली झाली."

"म्हणजे प्रफुल्ल, शेवट तुले अजून मालूम नाई?"

"कसा असन? मागचं अर्धं तू घेऊन गेला."

"आता नवं घेऊन वाच."

"नाई. रविवारी तुह्यं अर्धं घेऊन ये."

"ते अजून माह्यापाशी हाय, हे तुले कोणी सांगतलं?"

"माह्यं पेटीत हाय ना."