चुका टाक, पास होईल

मी उगाच चिडतो म्हणता ना तुमी, मंग हे ऐका. चिखल्याच्या खाणीजवळच्या विहिरींच्या पाण्यावर माही पीएचडी चालू आहे. माहं इंग्रजी कच्चं, म्हणून गाईड सरांनी मले संशोधनाच्या इंग्रजीचा कोर्स कॉम्प्युटरवर कराले लावला. वर्षभर मी एकेक वाक्य घोटलं. मंग पहिला पेपर लिहून सरांना देला. त्यांनी तो तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला आन् मले बोलावलं.

"हे तू लिहिलं नाहीस. सॉफ्टवेअर म्हणते, कॉम्प्युटरनं लिहिलं."

"सर, मले कॉम्प्युटरनंच शिकवलं. तुमीच तं बसवलं होतं."

"ते खरं. पण इतकं साफ इंग्रजी संशयात येते. चार-सहा चुका टाक, पास होईल."

माहं डोकंच फिरलं. ज्या चुका काढाले वर्ष गेलं, त्या परत कायले टाकू? मी म्हटलं, "सर, चुका तुमीच टाका. पेपरवर दुसरं नाव तुमचंच आहे."

सरांनी पेपरवरचं आपलं नाव परत एकदा वाचलं. पेपर होता तसाच गेला आन् छापूनही आला. त्या दिवशी कॉलेजात पेढे सरांनीच वाटले. सगळ्यांले सांगून राहिले होते, "इंग्रजी मीच पक्कं करून घेतलं त्याचं."