निळं विचारा

नाव कालच्या अर्जावर आहे, तेच तेच किती वेळा विचारणार? वय ५१, शिक्षण दुसरी, काम फुलपाखरांच्या काचघरात फरशी पुसणे, राहणार काचघरामागची खोली. समक्ष सांगते ते असं की, कालच्या हवालदारांनी 'एक इसम, कोट तपकिरी' एवढंच लिहिलं आणि फुलपाखराचं गाळलं. म्हणाले, "बाई, इथे माणसं शोधतात, पाखरं नाही." म्हणून आज पुन्हा खेटा.

हरवला तो माझा थोरला भाऊ, वय ६४, धंदा रंगारी. दोन वर्षांपासून त्याला काही आठवत नाही. घरी एकटा ठेवता येत नाही, म्हणून कामावर नेते आणि मोठ्या पानांखाली बाकावर बसवते. आत सदा वाफ, पावलांचा आवाजसुद्धा ओला येतो. तिथे मॉर्फो नावाची, दाट जंगलातली फुलपाखरं आहेत. आम्ही निळीच म्हणतो. पंख मिटले की वाळकं पान, उघडले की डोळे दिपतात. त्यांना सडकं फळ लागतं. दादाने जागा सोडू नये म्हणून त्याच्या कोटाच्या खांद्याला काळं पडलेलं केळं मीच चोळायचे. हे कोणी विचारलेलं नाही, तरी लिहा. निळं येऊन बसायचं, उघडझाप करायचं, आणि दादा श्वासही जपून घ्यायचा. मला ओळखत नाही, पण विचारायचा, "बाई, हा निळा कोणत्या कंपनीचा? चाळीस वर्षं डबे ढवळले, असा कधी जमला नाही."

मी म्हणायचे, "विकायला नाही. गप बस."

मंगळवारी दुपारी चारला मी फडकं पिळायला नळावर गेले. आले तर बाक रिकामा. दारावरचा माणूस बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाची पाठ बघतो, पाखरू चिकटून जाऊ नये म्हणून. त्याने दादाचीही बघितली. कोट तपकिरी, मिटलेला पंखही तपकिरी. संध्याकाळच्या मोजणीत सात निळ्यांतलं एक कमी भरलं. त्यासाठी काचघराच्या साहेबांनी तासभर झाडं हलवली. दादा मोजणीत नसतो.

पुलाजवळच्या शिंप्याला मी विचारलं, एक म्हातारा गेला का? तो मान वर न करता म्हणाला, "मावशी, म्हातारे दिवसभर जातात." मग म्हटलं, निळं काही? तर मशीन थांबवून उठलाच. "हो की! एकाच्या खांद्यावर काहीतरी निळं उघडझाप करत होतं. नदीकडे गेला, हळूहळू, झोपलेलं लेकरू नेतात तसा. काय होतं हो ते?"

तर माझं म्हणणं एवढंच. म्हाताऱ्याकडे कोणी बघत नाही, निळ्याकडे सगळे बघतात. नदीकाठी निळं विचारत जा. साहेब म्हणतात, ते बाहेर फार तर रविवारपर्यंत जगेल. मग दादाच्या खांद्यावर काही नसेल.

हे सगळं मला मोठ्याने वाचून दाखवलं. 'फुलपाखरू' पुन्हा खोडलं होतं, ते परत लिहायला लावलं. आता मी बोलले तसं आहे. अंगठा नको, सही येते मला. नदीकाठी कोण गेलं, कोणाला निळं विचारलं, याचं उत्तर शनिवारी संध्याकाळपर्यंत द्या. रविवार मी धरत नाही.